व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी येतो, तेव्हा घरच्यांनी काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरला भाऊ दारूच्या व्यसनावर तीन महिने निवासी उपचार घेऊन पुढच्या आठवड्यात घरी येतोय. घरात वहिनी, चौदा वर्षांची मुलगी, धाकटा मुलगा आणि वडील आहेत. वडील स्वतः कधीमधी घेतात. तुम्ही दुसऱ्या गावी असता आणि जीव टांगणीला लागलाय. दादावर लक्ष कसं ठेवायचं, पैसे हातात द्यायचे का, डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याने नाकारली तर जेवणातून देता येईल का, आणि एवढं करूनही तो पुन्हा प्यायला तर काय, असं तुम्ही विचारलंय.

मी या क्षेत्रात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करतेय. डिस्चार्जच्या आधी घरचे लोक थोड्याफार फरकाने हेच विचारतात. या सगळ्याच्या तळाशी एकच प्रश्न असतो: तो पिणार नाही याची खात्री आम्ही कशी करून घ्यायची? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. ती खात्री घरच्यांना करून घेता येत नाही. चोवीस तास पहारा ठेवला तरी नाही. ज्याला प्यायचीच आहे तो बाथरूमच्या खिडकीतूनही वाट काढतो, हे वहिनींना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

घरच्यांच्या हातात दुसरी एक गोष्ट असते. दादाचा पाय घसरला, किंवा आता घसरेल असं त्याला वाटू लागलं, तर ते घरात कळायला किती वेळ लागतो? काही तास, की काही आठवडे? एक दिवस प्यायला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून बोलला, तर बहुतेक वेळा सावरता येतं. तेच तीन आठवडे लपून राहिलं, तर पुन्हा भरती करण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणून मी पुढे जे काही सांगेन ते या एका हिशेबाने वाचा: यामुळे त्याला खरं बोलणं सोपं होईल का अवघड?

आधी परिस्थितीनुसार काय बदलतं ते सांगते. मी दारू धरून लिहितेय. ब्राउन शुगर, हेरॉइन किंवा त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन असेल तर एक धोका फार मोठा असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुन्या मापाने घेतलेला पहिलाच डोस जीव घेऊ शकतो. त्या घरांनी नालोक्सोन या, अशा जीवघेण्या डोसचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. दुसरं, नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार सोबत असेल, तर त्याचे उपचार बंद पडून चालत नाहीत. ते बंद पडले की दारू मागच्या दाराने परत येते. तिसरं, आणि याबाबत मी तडजोड करत नाही: घरात मारहाण झालेली असेल, तर आधी वहिनी आणि मुलांची सुरक्षितता बघा. तो शुद्धीत असताना चांगला आहे हे पुरेसं कारण नाही. अशा वेळी त्याने काही काळ दुसरीकडे राहणं हाही एक मार्ग असतो, आणि तो सुचवणाऱ्या बायकोला कोणी निष्ठुर म्हणू नये.

आता लक्ष ठेवण्याबद्दल. तुमच्याकडे काय घडणार ते मला डोळ्यांसमोर दिसतं, कारण घरोघरी तेच घडतं. संध्याकाळी बेल वाजते. वहिनी दार उघडताना गरजेपेक्षा अर्धं पाऊल पुढे येतात आणि नकळत श्वास आत ओढतात. आतल्या खोलीत मुलगी पुस्तकातून मान वर काढत नाही, पण चप्पल रॅकवर ठेवली गेली की भिरकावली गेली ते ऐकत असते. वडील टीव्हीचा आवाज कमी करतात. कोणी काहीच बोललेलं नसतं. दादाला मात्र सगळं कळलेलं असतं. तो प्यायलेला नसेल तर त्याच्या मनात पहिला विचार येतो, ‘नाही प्यायलो तरी संशयच ना, मग प्यायलो काय वाईट?’ प्यायलेला असेल तर विचार येतो, ‘उद्या वेलची खाऊन येतो.’ दोन्हीकडून तुमचंच नुकसान.

वहिनींचा तो श्वास थांबवा असं मी म्हणत नाही. तो थांबत नाही, वर्षानुवर्षांची सवय आहे. पण त्याला तोंड फोडा. दादा घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच वहिनींनी त्याला शांतपणे सांगावं: ‘तू आलास की माझं नाक आधी पुढे जातं. मला ते आवडत नाही, पण अजून काही महिने ते होणार आहे. तू चिडू नकोस.’ एवढ्या तीन वाक्यांनी संध्याकाळची हवा किती बदलते ते बघा. खिसे तपासणं, फोन चाळणं, ऑफिसात परस्पर चौकशी करणं हे मात्र बंद. तपासणी हवीच असेल तर ती उघड आणि ठरलेली असावी. काही घरांत नवरा स्वतःहून म्हणतो की श्वासाची तपासणी करणारं यंत्र घेऊ आणि रोज रात्री मी त्यात फुंकतो. त्याच्या संमतीने असेल तर मला यात काही गैर वाटत नाही. आणि मुलांना हेर बनवू नका. ‘बाबा कुठे गेले होते गं?’ हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलीला विचारायचा नाही.

वडिलांचं सोपं आहे. घरात बाटली नको. त्यांची नको, पाहुण्यांची नको, कपाटात कुलूप लावून ठेवलेलीही नको. ‘त्याच्यात मनोबल हवं, मी कशाला सोडू’ असं ते म्हणतील. मनोबल हा मुद्दाच नाही. ज्या मेंदूने वर्षानुवर्षं बाटली दिसली की सुख येतं असा धडा गिरवलाय, तो ती बाटली नुसती दिसली तरी तलफ जागी करतो. निदान पहिलं वर्षभर घर कोरडं ठेवा, त्यांना घ्यायचीच असेल तर त्यांनी बाहेर घ्यावी आणि त्या रात्री वास घेऊन घरी येऊ नये. हे त्यांना तुम्ही सांगा; सुनेच्या तोंडून ते ऐकणार नाहीत.

गोळीबद्दल तुम्ही विचारलंय ते वाचून मी थोडी दचकले, म्हणून स्पष्ट लिहिते: जेवणात कालवून देऊ नका. कधीच नाही. तुम्ही म्हणताय ती डायसल्फिराम असणार. दारू शरीरात गेली की तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन होतं आणि मग ते पुढे निरुपद्रवी होतं. ही गोळी ती दुसरी पायरी अडवते. त्यामुळे गोळी चालू असताना कोणी प्यायलं तर विष साचतं: चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेल्याच्या ते जिवावर बेतू शकतं. गोळीचा सारा उपयोग ‘मी घेतलीय, म्हणून आज पिता येणार नाही’ या त्याच्या जाणिवेत आहे. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पिणार आणि दवाखान्यात पोचणार. पुढे कधीतरी त्याला कळलं, आणि ते कळतंच, की त्या घरात तो जेवतानाही विश्वास ठेवणार नाही.

योग्य पद्धत अशी: रोज ठरलेल्या वेळी तो स्वतः वहिनींसमोर गोळी घेईल, असं त्या दोघांनी डॉक्टरांसमोर ठरवायचं. अशी समोर घेतलेली डायसल्फिराम एकट्याने घेतलेल्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, हे अभ्यासांतही दिसलंय. वहिनींनी फक्त बघायचं, ‘तोंड उघड, जीभ वर कर’ नाही. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम १४ दिवसांपर्यंत राहू शकतो, तेव्हा ‘आज नाही घेतली, उद्या पिऊ’ हे गणितही धोक्याचं. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, तीही चालत नाहीत. कोणतंही औषध घेताना डायसल्फिराम चालू असल्याचं सांगायचं. आणि त्याला ही गोळी नकोच असेल तर नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी वेगळ्या तऱ्हेने काम करणारी औषधं आहेत. ती दारूशी अशी भांडत नाहीत. कोणतं योग्य ते त्याच्या यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतील.

पैशांचं मी थोडक्यात सांगते. सगळं काढून घेणं आणि पहिल्याच दिवशी कार्ड हातात ठेवणं, दोन्ही चुकीचं. काय करायचं ते त्याला सुचवू द्या. बहुतेक पुरुष या टप्प्यावर स्वतःच म्हणतात की पगाराचा दिवस मला अवघड जातो. मग पगार वहिनींच्या खात्यात, त्याच्याकडे आठवड्याचा खर्च, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसून बोलायचं. ही व्यवस्था कधी संपणार ते सुरुवातीलाच ठरलेलं असलं म्हणजे ती शिक्षा वाटत नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाहीये, पण ज्याच्यावर घरं जास्त मोडतात, त्याबद्दल. दादा प्यायचा त्या वर्षांत घर त्याच्याशिवाय चालायला शिकलं. वहिनींनी बँक, शाळा, दुरुस्त्या, नातेवाईक सगळं अंगावर घेतलं. मुलगी धाकट्याची दुसरी आई झाली. आता दादा तीन महिने स्वतःवर काम करून, बऱ्याच चांगल्या गोष्टी शिकून परत येतोय, आणि त्याला एकदम बाप व्हायचंय. पहिल्या आठवड्यात तो मुलीला म्हणेल, ‘मोबाइल ठेव, अभ्यासाला बस.’ मुलगी त्याच्याकडे नुसती बघेल आणि उठून आईला विचारेल, ‘आई, मी काय करू?’ त्या क्षणी दादाला जी आग लागते, ती मी माझ्या खोलीत पुन्हा पुन्हा ऐकलीय. ‘मी दारू सोडली, आणखी काय करू? घरात मला किंमतच नाही.’

त्याला किंमत नाही असं नाही. त्याची जागा भरली गेलीय, आणि ती रिकामी व्हायला वेळ लागतो. यावर माझा उपाय साधा आहे. त्याला अधिकार देऊ नका, काम द्या. एखादं असं काम, जे रोज करावं लागतं आणि न केलं तर घराला जाणवतं: धाकट्याला शाळेत सोडणं, वडिलांच्या औषधांचं वेळापत्रक, सकाळचं पाणी भरणं. तीन महिने धाकटा वेळेवर शाळेत पोचला की मोबाइलबद्दल बोलायचा हक्क आपोआप येतो. मुलीवर मात्र घाई करू नका. ‘बाबा बरे झाले ना आता, बोल की त्यांच्याशी’ असं तिला कोणी म्हणू नये. ती तिच्या वेळेने येईल.

दुसरी गोष्ट वहिनींच्या रागाची. दादा घरी आल्यावर सगळे खुश असतात आणि साधारण महिना-दीड महिन्याने वहिनी भडकतात. कारण अगदी फालतू असतं, ओला टॉवेल किंवा उशिरा आलेला फोन. आणि मग त्यातून दहा वर्षांपूर्वीचं सगळं बाहेर पडतं. नातेवाईक म्हणतात, ‘आता तो सुधारला तर ही का भांडते?’ अहो, तो पीत होता तेव्हा तिला चिडायला फुरसत होती का? घर बुडू न देण्यात तिची सगळी ताकद जात होती. आता कुठे पाय जमिनीला लागलेत, म्हणून राग वर येतोय. हे अपेक्षित आहे. पण तो सगळा राग दादावर ओतणं दोघांनाही झेपत नाही, म्हणून वहिनींसाठी वेगळी जागा हवी: त्यांची स्वतःची समुपदेशक, किंवा व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांचा गट. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना १९३५ मध्ये सुरू झाली आणि १९५१ मध्ये तिच्या एका संस्थापकाची पत्नी लोइस विल्सन यांनी इतरांसोबत कुटुंबीयांसाठी अल-अनॉन उभी केली, तीही याच अनुभवातून: नवऱ्यांची दारू सुटली तरी बायकांचं दुखणं संपलं नव्हतं. त्या गटांमध्ये म्हणतात की हे व्यसन तुम्ही लावलेलं नाही, तुम्ही ते ताब्यात ठेवू शकत नाही आणि तुम्ही ते बरंही करू शकत नाही. वहिनींना हे दुसऱ्या एखाद्या बाईच्या तोंडून ऐकायला मिळावं असं मला वाटतं.

काही बारीक गोष्टी, ज्या आधी माहीत असल्या की घाबरायला होत नाही. त्याची झोप काही महिने खराब राहू शकते. दारू प्यायल्याची स्वप्नं पडतात. माणूस घामाघूम होऊन उठतो, काही क्षण त्याला खरंच प्यायलोय असं वाटतं आणि दिवसभर तो अपराधी चेहऱ्याने फिरतो. तो चेहरा बघून लगेच निष्कर्ष काढू नका. तलफ आली तर ती साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत ओसरते, तेवढा वेळ त्याच्याबरोबर कोणी चालायला गेलं तरी पुरतं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा जपा. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत तो फार उत्साहात असेल, ‘मी आता पूर्ण बरा, मीटिंगला कशाला जायचं’ म्हणेल, तर मला ते रडण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक. त्या काळात फॉलो-अप चुकवायचा नाही.

आणि तो पुन्हा प्यायला तर? अमेरिकेतल्या राष्ट्रीय अंमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मांडणीनुसार उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोकांमध्ये व्यसन पुन्हा डोकं वर काढतं, आणि उच्च रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण उपचार सोडून पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाणही याहून कमी नाही. हे त्याला सूट म्हणून सांगू नका, तुम्ही कोसळू नये म्हणून सांगतेय. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने एक फार उपयोगी निरीक्षण मांडलं होतं: पहिला पेला जितका घात करतो त्याहून जास्त घात त्यानंतरचा ‘झालं, सगळं संपलंच, आता पुरती पिऊ’ हा विचार करतो. घरच्यांची प्रतिक्रिया त्या विचाराला खतपाणी घालू शकते किंवा त्याला अडवू शकते.

म्हणून हे आत्ताच, तो शुद्धीत असताना, त्याच्यासोबत बसून कागदावर लिहा. प्यायलेला असेल त्या रात्री कोणी वाद घालायचा नाही, जाब विचारायचा नाही. तो वेगळ्या खोलीत झोपेल, मुलांच्या खोलीत जाणार नाही, गाडीची किल्ली वहिनींकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न एकच: ‘काल काय झालं, आणि आज तू कोणाला फोन करतोयस?’ चोवीस तासांच्या आत त्याने स्वतः समुपदेशकाला फोन केला तर पुढची चर्चा त्याच्यासोबत. नाही केला तर वहिनी करतील, आणि हे त्याला आधीपासून माहीत असेल. त्याने खरं सांगितलं त्या दिवशी शिक्षा नको. तुम्हाला राग येईल, तो माझ्यासारख्या कोणाकडे तरी काढा. आणि कागदावर अशीच अट लिहा जी तुम्ही पाळाल. ‘पुन्हा प्यायलास तर घरात पाऊल ठेवायचं नाही’ असं लिहून तिसऱ्या दिवशी दार उघडणार असाल, तर ते लिहूच नका.

दोन वैद्यकीय इशारे. अनेक दिवस सलग प्यायला असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, थरथर, ताप असं जिवावरचं दुखणं होऊ शकतं. ते दवाखान्यातच हाताळायचं असतं. आणि ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, मी नसलेलाच बरा’ असं तो म्हणाला, तर ते दारूचं बोलणं समजून सोडून देऊ नका. त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

नातेवाइकांना काय सांगायचं ते दादाने ठरवावं. ‘तब्येतीसाठी सोडलीय’ एवढं वाक्य बहुतेक ठिकाणी पुरतं. पहिले काही महिने पार्ट्या आणि मोठे समारंभ टाळा. जाणं भागच असेल तर वहिनींसोबत जाऊन लवकर परतायचं, आणि परतायची खूण आधी ठरवायची.

राहता राहिलात तुम्ही. तुम्ही दूर आहात, म्हणून रोज रात्री वहिनींना फोन करून ‘आज कसा आहे?’ विचाराल. तो फोन वहिनींना दुसरी हजेरी वाटेल. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा थेट दादाला फोन करा आणि दारूबद्दल एक शब्द न काढता बोला. वहिनींना फोन कराल तेव्हा त्यांच्याबद्दल विचारा.

तो घरी यायच्या आधी केंद्रात कुटुंबाची एक बैठक मागून घ्या. बहुतेक ठिकाणी देतात, पण मागावी लागते. वहिनी आणि वडील दोघांनीही जावं, तुम्ही फोनवर सामील व्हा. तिथे विचारा: कोणती औषधं किती दिवस, पुढचा फॉलो-अप कोणत्या तारखेला, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, आणि त्याच्या मते त्याच्यासाठी सर्वांत धोक्याची वेळ कोणती. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला स्वतःला देऊ द्या, वडिलांसमोर.